डावा गुलाबी, उजवा गुलाबी

डावीकडच्या गुलाबी पट्ट्यासमोर आई मला ओळखते, पण तिला उठता येत नाही. उजवीकडच्या पट्ट्यासमोर ती उठून चालते, पण मला ओळखत नाही. दोन्ही रंग मला एकसारखेच दिसतात.

बाबल पेंटरने आज सकाळी आईच्या खोलीच्या भिंतीवर हे नमुने लावले. जो निवडाल तो चारही भिंतींना जाईल, मग आई तशीच राहील, असं त्याने ब्रश झटकत सांगितलं. नंतर बदलता येतो का, असं मी विचारलं. बदलत नाही, तो म्हणाला.

मी पुठ्ठ्याला भोक पाडून दोन्ही रंग एकाच उजेडात तपासले. फरक नव्हता. तरी चाकांची खुर्ची डावीकडे नेली की आई हसायची.

"वैजू, अजून ठरत नाही? साडी घ्यायला गेलीस तरी दुकानदाराला रडवतेस."

उजवीकडे नेली की ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, पडदा सारखा करायची आणि वळून अदबीने विचारायची, "तुम्ही कोणाकडच्या?"

प्रत्येक फेरीला पट्टे हातभर रुंद होत होते. आधी खिडकी रंगाखाली गेली. आईने नुसत्या भिंतीवरून हात फिरवून पडदा सारखा केला. मग दारही गेलं. बाबल दोन्ही डबे उचलून खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला.

मी वाटीत दोन्ही रंग सम प्रमाणात मिसळून पुठ्ठ्यावर लावले आणि आईसमोर धरले. ती उठता उठता अर्ध्यावर थांबली. "वै," म्हणाली, आणि तिचे ओठ तसेच राहिले. मी घाईने पुठ्ठा उलटा केला.

पुन्हा डावीकडे नेल्यावर तिने माझं मनगट धरलं. "मला चालायचंय गं," ती म्हणाली.

"मग मी कोण ते कळणार नाही तुला."

"तू सांग ना रोज."

मी बाबलला उजवा लावायला सांगितलं. त्याने पायाशी ठेवलेल्या डब्यांकडे पाहिलं. डावा-उजवा लिहिलेली झाकणं खिडकीत राहिली होती, आणि खिडकी नव्हती.

"ताई, यातला उजवा कुठला?"

मी वाकून पाहिलं. दोन्हींत मला तोच गुलाबी दिसला. तोवर पट्टे माझ्या दोन्ही बाजूंना येऊन टेकले होते. पांढरी भिंत माझ्या पाठीएवढीच उरली होती. ब्रश ओला असतानाच सांगा, बाबल म्हणाला. मी एका डब्याकडे बोट केलं.

त्याने माझ्या खांद्यापासून सुरुवात केली. रंग गार होता. मी आईकडे पाहत राहिले. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले आणि तोंड उघडलं.