नंबरातली टीम

बास्केटबॉल नावाचा खेळ संपतराव बोऱ्हाड्यांनी आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता. नारायणगावातल्या एका शाळेच्या मैदानात दोन खांब होते, त्यांना लोखंडी कड्या होत्या आणि पंधरा ऑगस्टला त्या कड्यांना पताकांची दोरी बांधत. एवढीच काय ती ओळख. तरी २००५च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्या कॉलेजाची टीम कितव्या नंबरावर आहे, हे अख्ख्या जुन्नर तालुक्यात कुणाला ठाऊक असेल तर ते या रिटायर कंडक्टरला. म्हातारपणी माणसाला कशाचा नाद लागेल सांगता येत नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय, हातात चहाचा कप असला की ते काहीही म्हणतात.

खरा नाद होता तो भरतचा. भरत त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात इंजिनिअर झाला आणि पुढचं शिकायला अमेरिकेला गेला. विमानतळावर बापाच्या पाया पडून त्यानं सांगितलं होतं, दोन वर्षं, आप्पा, त्याच्यावर एक दिवस नाही. २००६च्या मे महिन्यात घरी येतो, पुण्यात नोकरी धरतो आणि दर शनिवारी मळ्यात मुक्कामाला. कुशाबाईला, म्हणजे भरतच्या आईला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

संपतरावांनी तीस वर्षं एसटीत काढलेली. दिवसाला तीन-चारशे माणसांशी बोलायची सवय, आणि आता मळ्यातल्या घरात बोलायला भिंती. द्राक्षबाग भावकीतल्या जानकूला कसायला दिली होती. जानकू संध्याकाळी घरी गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपतरावांच्या तोंडून शब्द निघण्याचं काही कारण नसे. कधी कधी भाकरी भाजताना ते उगाच मोठ्यानं थांब्यांची नावं घेत: राजगुरुनगर, पेठ, मंचर, कळंब. आपला आवाज शाबूत आहे ना, एवढं कळलं की गप्प बसत.

भरतचा फोन रविवारी सकाळी साडेसातला यायचा. आठवडाभर ज्याची वाट पाहायची तो फोन आला की बापलेकांच्या तोंडाला कुलूप लागे. जेवलास का, जेवलो. थंडी हाय का, हाय. बाग कशी हाय, बरी हाय. मग दोन्हीकडून नुसता श्वास. बोलण्याचं खातं त्या घरात कुशाबाईकडे होतं. बापाचं लेकाला आणि लेकाचं बापाला तीच पोचवायची. ती गेली आणि ही दोघं समोरासमोर आली, तीही फोनवर. फोन ठेवल्यावर संपतरावांना हमखास दहा गोष्टी आठवायच्या, आणि उरलेला रविवार अंगावर यायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मात्र भरत आपणहून बोलायला लागला. त्यांच्या कॉलेजाची टीम देशातल्या पहिल्या पंचविसांत आली होती. त्या लहानशा गावातली पोरं तोंडं रंगवून रस्त्यावर उतरली होती, कुणी तरी ढोल आणले होते, आणि भरतनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. त्या बसलेल्या आवाजात संपतरावांना जत्रेतून आलेला सहा वर्षांचा भरत ऐकू आला. तो बारा मिनिटं बोलला. संपतरावांनी घड्याळ पाहिलं होतं.

मंगळवारी ते जीपच्या मागच्या फळीवर बसून नारायणगावला गेले आणि पप्पूच्या सायबर कॅफेत हजर झाले. पप्पूचा आधी एसटीडी बूथ होता. आता त्याच खोलीत चार कॉम्प्युटर बसवून तो मालक म्हणवत होता. त्यानं शोधाशोध करून यादी काढली. भरतचं कॉलेज तेविसाव्या नंबरावर.

संपतरावांनी विचारलं, हे नंबर देतं कोण? पप्पूनं वाचून सांगितलं की पेपरवाले दर सोमवारी मतं देतात. म्हणजे ही निवडणूकच की, संपतराव म्हणाले. पप्पू म्हणाला, खरी स्पर्धा मार्चात. साठावर टीमा, हरली ती घरी, आणि तिथं पेपरवाल्यांची मतं कामाला येत नाहीत. मग चार महिने मतं देतात कशाला, या प्रश्नाचं उत्तर मात्र पप्पूला त्या कॉम्प्युटरात सापडलं नाही.

तेव्हापासून दर मंगळवारी पप्पू यादीचा कागद छापून द्यायचा आणि शुक्रवारी, आठवड्यात झालेल्या मॅचींची खबर वाचून दाखवायचा. संपतराव घरी जाऊन ते पाठ करत. रविवारी फोन आला की परीक्षेला बसल्यासारखे सुरू होत: बुधवारी आपण चौदा नंबरवाल्याला पाडलं, तो उंच पोरगा पायानं अधू झालाय म्हणे, आता कसं? पहिल्यांदा भरतला हसूच आवरेना. मग तोही रंगात यायचा. पाचाची बारा मिनिटं झाली, बाराची वीस. चहाच्या टपरीवर लोक मुद्दाम विचारत, काय कंडक्टर, आज अमेरिका कितव्या नंबरावर? ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "एकोनीस. चार घरं वर सरकलो." लोक हसत. संपतरावांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांच्याकडे रविवार होता.

त्याच उमेदीत त्यांनी माडीवर एक खोली चढवली. पोरगा परदेशातून येणार, म्हणून संडास-बाथरूम खोलीतच. डिसेंबरात फोनवर विचारलंही, टाइल निळी बसवू का पांढरी? भरत जरा थांबून म्हणाला, "तुमाला आवडंल ती बसवा, आप्पा." हे थांबणं संपतरावांनी तेव्हा मनावर घेतलं नाही.

जानेवारीपासून एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात येत होती आणि ते ती लक्षातून घालवत होते. भरत आधी ढोलाचं सांगायचा, बाकांचं सांगायचा, शेजारी बसून शिव्या घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं सांगायचा. आता तो तेवढंच सांगायचा जेवढं पप्पूच्या कागदावर असायचं. अभ्यास वाढला असेल, संपतराव स्वतःला समजावत.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पप्पूनं वाचून दाखवलं की बुधवारची मॅच झालीच नाही. त्या गावात कंबरभर बर्फ पडलं होतं, रस्ते बंद होते, कॉलेजला कुलूप होतं. मॅच पुढं ढकलली होती. संपतरावांना काळजी वाटली आणि थोडा आनंदही झाला. येता रविवार बर्फावर निघणार होता.

रविवारी फोन आला. बर्फाचं त्यानं स्वतःच सांगावं म्हणून संपतरावांनी नुसतं विचारलं, बुधवारच्या मॅचला गेला होतास का.

"गेलो व्हतो की, आप्पा. लई गर्दी. शेवटाला तर उभं ऱ्हायाला जागा नव्हती."

"आन हवा कशी हाय?"

"झ्याक हाय. आज दिवसभर ऊन व्हतं. स्वेटरबी घातला न्हाई."

तीस वर्षांत संपतरावांनी पेठला बसून भाडं वाचवायला "आत्ताच मंचरला चढलो" म्हणणारे शेकड्यांनी पाहिले होते. खोटं बोलणारा प्रवासी विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो. गर्दीचं सांगतो, उभं राहायला जागा नव्हती म्हणून सांगतो. अशा माणसाला चारचौघांत बोलायचं नाही, तिकीट फाडायचं आणि पुढं सरकायचं, हा त्यांचा शिरस्ता. ते म्हणाले, बरं झालं, तब्येतीला जप, आणि फोन ठेवला.

मग ते ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी सगळा हिशोब लावला. पोरगा त्या गावात नव्हता. शिक्षण लवकर आटपलं असणार, जानेवारीत नोकरी लागली असणार, तीही लांब, उन्हाच्या मुलखात. तिथं त्याचं बस्तान बसलं असणार. बस्तान बसलेला माणूस मे महिन्यात परत येत नाही. त्याला सांगायचं होतं, पण बाप टाइलचा रंग विचारत होता आणि नंबर पाठ करत होता. सांगणार कुठल्या तोंडानं? संपतरावांना पोराचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि शेवटी नुसतं रडू आलं. जानकू बागेत होता, म्हणून त्यांनी आत जाऊन दार लोटून घेतलं.

विचारता आलं असतं. पुढच्या रविवारी सरळ विचारायचं, खरं सांग. पण विचारलं की भरत शरमणार, आणि शरमलेला भरत कसा असतो ते बापाला माहीत होतं. दहावीत गणितात नापास झाला तेव्हा महिनाभर समोर आला नव्हता. तेव्हा एका घरात होता, भाकरी खायला तरी यायचा. आता शरमला तर फोनच बंद करील. संपतरावांना भीती होती ती एवढीच. मे महिना गेला तर गेला, रविवार जाता कामा नये.

म्हणून त्यांनी काही विचारलं नाही. दोघं टीमचं बोलत राहिले, दोघंही कागदावरून. गवंडी सावळेराम टाइल कधी बसवू म्हणून विचारायला आला, तर त्याला म्हणाले, थांब जरा, टूर्नामेंट होऊ दे. सावळेरामला वाटलं मळ्यात क्रिकेटच्या मॅची भरवतायत.

पूर्वी ते टीम जिंकावी म्हणत, कारण भरतला आनंद व्हायचा. आता ते टीम जिंकावी म्हणत, कारण ती हरली की मोसम संपणार, मोसम संपला की बोलायला काही उरणार नाही, आणि मग ती मे महिन्याची गोष्ट निघणार. मार्च उजाडला. बागेत काढणी सुरू झाली, जानकूकडे पेट्या भरायला बाया आल्या, आणि संपतराव मात्र पहाटेच्या जीपनं नारायणगावला. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ. पप्पूनं त्यांच्यासाठी दुकान लवकर उघडलं. कुठली मॅच दिसायची नाही की आवाज यायचा नाही. पान पुन्हा पुन्हा उघडायचं आणि दोन आकडे पाहायचे. पहिली मॅच जिंकली. दुसरी एका गुणानं जिंकली. शेवटच्या सोळांत आले. रविवारी भरत पस्तीस मिनिटं बोलला आणि संपतरावांना वाटलं, पोरगंही हरायला घाबरतंय.

पुढच्या शनिवारी सकाळी तिसरी मॅच होती. चार मिनिटं उरली होती, टीम तीन गुणांनी पुढं होती, आणि लाइट गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं होतं, पप्पूची बॅटरी आदल्या आठवड्यापासून बिघडलेली. काळ्या पडद्यात संपतरावांना स्वतःचं तोंड दिसलं. आता दीडशिवाय येत नाही, पप्पू म्हणाला, तुम्ही घरी जा, मी फोन करतो.

ते घरी गेले नाहीत. स्टँडवर जाऊन बाकावर बसले. गाड्या येत होत्या, जात होत्या. नवे कंडक्टर त्यांना ओळखत नव्हते. चार तास टीम तीन गुणांनी पुढंच होती. त्या चार तासांत संपतरावांनी खूप विचार केला. असं काळ्या पडद्यापुढं किती दिवस बसणार? पोरगं तिकडं एकटं, रोज खोटं सांभाळत असणार, आणि खोटं सांभाळायला माणूस लागतं जोडीला. त्याला आई असती तर तिला सांगितलं असतं, आणि तिनं संध्याकाळी भाकरी वाढता वाढता मला सांगितलं असतं. हे तिचं काम होतं आणि ते आता आपल्यावर आलं आहे, असं त्यांच्या मनात आलं.

दीड वाजता लाइट आली. टीम दोन गुणांनी हरली होती. पप्पूनं कागद छापू का म्हणून विचारलं. संपतराव नको म्हणाले.

रविवारी फोन बरोबर साडेसातला आला. भरतनं शेवटच्या चार मिनिटांचं सांगितलं, कुणाचा बॉल हुकला, पंचानं काय चूक केली. ते लवकर संपलं. मग बऱ्याच महिन्यांनी पुन्हा दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू यायला लागला. शेवटी भरत म्हणाला, "आप्पा, मे महिन्याचं जरा बोलायचं व्हतं."

संपतरावांनी त्याला अडकू दिलं नाही. त्यांनी विचारलं, "तू आता ज्या गावाला हायेस, तिथं कुटलं कालेज हाय का?"



"तुमाला कुनी सांगितलं?" भरतनं विचारलं.

"कुनी न्हाई. तिथं बर्फ पडला तवा तू उनात व्हतास. मला वाईट वाटलं, भरत. लई वाईट वाटलं. पन फोन करायचं सोडू नगंस. आता सांग, कालेज हाय का?"

भरत रडत होता. संपतराव थांबले; घाई त्यांना नव्हती. मग तो म्हणाला, "हाय, आप्पा. पन त्यांची टीम नंबरात न्हाई. कवाच नव्हती."

"असू दे," संपतराव म्हणाले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरचं मार्चचं पान उलटं केलं. "नाव सावकाश सांग. पप्पूला दावायला लिवून घेतो."

भरतनं एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी एकेक लिहिलं आणि परत वाचून दाखवलं. नवा मोसम सुरू व्हायला अजून साडेसात महिने होते.