माझ्या चाकांना चिखल नाही

मी एक व्हीलचेअर बोलतेय. प्लास्टिकच्या आवरणातून बोलतेय, त्यामुळे आवाज गुदमरल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या. आणि बोलणं जळकं वाटलं तर तेही सांभाळून घ्या, कारण मी खरंच जळतेय. तेही माझ्या सख्ख्या बहिणीवर.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो. मला जोडताना फिटर खुशीत होता. गाणं गुणगुणत त्यानं माझा एकेक नट मन लावून आवळला. हिची पाळी आली तेव्हा नेमकं त्याचं फोरमनशी वाजलं. हिचं उजवं चाक कललेलं राहिलं. त्यानं हातोडीचे टोले हाणले, "चालेल," म्हणाला आणि हिला पुढे ढकललं. तेव्हापासून ती वाकडी. सरळ ढकला, ती उजवीकडेच जाणार. मला तिची कीव यायची. देखण्या बहिणीला दुसरीची येते तशी, वरवरची.

समाजकल्याणाच्या गोदामात आम्हाला उतरवलं, तेव्हा साहेबांचे पीए बघायला आले. साहेब म्हणजे तिथले निवडून आलेले पुढारी. त्या भागातलं सगळं सरकारी वाटप त्यांच्याच हातून व्हायचं. पीएंनी माझ्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही स्टेजसाठी ठेवा. फोटोत छान दिसेल." वाकडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले.

स्टेजसाठी म्हणजे काय, ते पहिल्याच कार्यक्रमात कळलं. एका निवृत्त मास्तरांना माझ्यावर बसवलं. साहेबांनी माझे दांडे धरले, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. मग पडद्यामागे दोघांनी मास्तरांना काखेत हात घालून उचललं. "तुमची मागाहून घरी येईल हं, मास्तर." मला फडक्यानं पुसलं, झाकलं आणि पुढच्या कार्यक्रमाला नेलं.

त्यानंतर कितीतरी जण बसले. प्रत्येक जण बसताना एक मोठा श्वास सोडायचा आणि दर वेळी मला वाटायचं, आता हे मला घरी नेणार. कुणाची मागाहून आली, कुणाची आलीच नाही. साहेब भाषणात "घरोघरी" म्हणायचे. मी तर एकही घर पाहिलेलं नव्हतं.

स्टेजवरून बाकी सगळं छान दिसतं. वर सोफा, सोफ्यावर टॉवेल, पुढ्यात बाटलीतलं पाणी. खाली उन्हात ती माणसं, ज्यांच्या नावानं हा सगळा थाट. त्यांच्यासाठी एक पिंप आणि पिंपाला साखळीनं बांधलेला पेला. पेला पळवतील याची केवढी काळजी! आणि भाषण समानतेवर. मी त्या सोफ्यावरही जळायचे, पण ते वेगळं. तो दुसऱ्या घरचा. बहिणीचं जास्त झोंबतं.

कारण वाकडी घरी जाऊन आली. फोटोच्या कामाची नाही, म्हणून गोदामाच्या रखवालदारानं ती परस्पर एका रंगाऱ्याला वापरायला दिली. परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. पाय बरा झाल्यावर ती परत आली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंगावर निळ्या रंगाचे शिंतोडे, हातावर चिकटपट्टी, बैठकीवर रंगाऱ्याच्या बायकोनं जुन्या चादरीची शिवलेली उशी, चाकांत वाळलेला चिखल.

"अगं, त्यांची धाकटी माझ्यावर बसून पाढे म्हणायची," ती सांगायची. "आणि नवरा-बायकोचं भांडण झालं की तो माझ्यावरच बसून रुसायचा."

"किती घाण झालीयेस तू," मी म्हटलं.

"हो ना!" असं म्हणून ती हसली. मला खिजवायला नव्हे, मनापासून हसली. तेच तर सहन होईना.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. शिवणकाम करणारी एक बाई आली, पाय अधू झालेली. स्टेजला नेहमीसारख्या पायऱ्या. व्हीलचेअर वाटणाऱ्यांना उतार करायचं सुचत नाही. लेकीनं तिला पाठंगुळीला घेऊन वर आणलं आणि माझ्यावर बसवलं.

"आई, आता मी सोमवारी कामावर जाऊ ना?" लेक हळूच म्हणाली. तिला हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम लागलं होतं. पण तिनं उचलून नेल्याशिवाय आईला गल्लीच्या टोकाच्या संडासाला जाता येत नव्हतं. सोमवारी गेली नाही, तर ते काम दुसरीला मिळणार होतं.

"थांब, आधी नीट बघू दे," आई म्हणाली. तिनं मला पुढे-मागे केलं, गर्रकन वळवलं, आपल्या दारातून मावेल का म्हणून लेकीला वितीनं मापायला लावलं. मी अंग चोरून बसले. आजवर कुणी मला असं पारखलंच नव्हतं.

"बाई, फोटो झाला की उतरायचं हं," पीए तिच्या कानाशी पुटपुटले. "ही स्टेजची आहे. तुमची मागाहून येईल."

"मागाहून म्हणजे कधी?"

"येईल हो!"

बाईनं खटकन माझा ब्रेक लावला. "मग फोटोही मागाहूनच काढा."

खाली लोक हसले. साहेबांनी माइकवर हात ठेवला. लेक कानकोंडी झाली. "आई, चल ना, सगळे बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच तर बोलावलंय आपल्याला."

बस गं माझी बाई, मी मनात म्हणत होते, हलू नकोस. पण पीए साहेबांना म्हणाले, "ही दिली तर दुपारच्या कार्यक्रमात काय दाखवायचं?" साहेब दातांवर दात ठेवून हसले. "गोदामातली कुठलीही आणा. आत्ता."

रखवालदार मागच्याच गोदामात उरलेल्या वाकडीला घेऊन आला. पीए स्वतःच ओशाळले. "ही जुनी आहे, बाई. चार दिवस थांबलात तर नवीकोरी मिळेल."

बाईनं वाकून वाकडीचं चाक नखानं खरवडलं. चिखलाची खपली पडली. "चिखल आहे हिला," ती म्हणाली. "म्हणजे ही घरी जाते." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "दिसायला ही छान आहे. पण हिला कुठं जायची सवयच नाही."

ती वाकडीवर बसली. फोटो कुणी काढला नाही. पायऱ्यांवरून उचलून त्यांना खाली ठेवलं. वाकडी लगेच उजवीकडे वळली, लेकीनं तिला डावीकडे ओढलं, ती पुन्हा उजवीकडे गेली आणि मायलेकी खो-खो हसत रस्त्याला लागल्या. त्या क्षणी वाकडीचं चाक निखळावं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

लेक कामावर रुजू झाली, असं रखवालदार सांगत होता. चांगलं झालं. मला बरं वाटलं आणि पोटातही दुखलं.

उद्या पुन्हा कार्यक्रम आहे. मला पुसून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी, तुमची आई, मामा, शेजारचे आजोबा, माझ्यावर बसायला आले तर एवढंच करा. ब्रेक डाव्या हाताला आहे, तो लावा. पीए कानाशी लागतील, साहेब हसतील, लोकही हसतील. उठू नका. आणि त्यांनी दुसरी कुठली आणून पुढ्यात ठेवली, तर तिच्याकडे बघूसुद्धा नका. मला न्या.