डाव्या खणात झोपलेली कात्री

मी एक जुना खण आहे. शिंप्याच्या शिलाई मशीनला लाकडी टेबल असतं ना, त्याचा डावा खण. उजवा माझा जुळा भाऊ. सुताराने आम्हा दोघांना एकाच फळीतून कापलं, पण माझ्या वेळी त्याला जेवायला हाक आली असावी, कारण मी काही नीट बसलो नाही. कितीही ढकला, बोटभर उघडाच राहतो. म्हणून तर दुकानातलं सगळं मला दिसतं.

मित्रांनो, थाट सगळा उजव्याचा. आमचे मास्तर भारी टापटिपीचे. त्यांची कात्री उजव्या खणात, शेजारी टेप, पुढच्या कोपऱ्यात चष्मा. न बघताही त्यांचा हात बरोबर तिथेच जायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, तुमच्या बोटांनाही डोळे आहेत." मास्तर वरवर "छे, छे" म्हणायचे आणि आतून फुलून जायचे. माझ्या वाट्याला तुटकी बटणं, गुंता झालेले दोरे आणि कुठली तरी वाकडी सुई. कोट शिवून झाले, गणवेश शिवून झाले, कौतुक झालं ते मशीनचं. खणाला कोण विचारतो?

विचारलं ते मास्तरांच्या नातीने. तिला सगळे टिकली म्हणायचे. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे ती दिवसभर आमच्या पायांत घोटाळायची. तीन वर्षांची झाली आणि तिने आपली चिंध्यांची बाहुली माझ्यात झोपवायला सुरुवात केली. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू.

दुपारी मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर आडवे व्हायचे. ते घोरायला लागले की टिकली मशीनच्या पायडलवर चढायची, उजव्या खणातून कातडी पिशवीतली कात्री उचलायची आणि माझ्यात बाहुलीशेजारी ठेवायची. "एकटी नको झोपू गं, इकडे ये," असं कात्रीला समजावायची. कधी कात्री, कधी चष्मा.

मास्तर उठायचे, उजव्या खणात हात घालायचे आणि चक्रावायचे. कापडाचे गठ्ठे उलटेपालटे करायचे, फळीवर बघायचे, बाकाखाली वाकायचे. टिकली तिथेच बटणं ओवत बसलेली असायची. तिने सांगितलं का नाही? खोडी म्हणून नव्हे हो. तिच्या एवढ्याशा डोक्यात हिशोब सरळ होता: मला ठाऊक आहे म्हणजे आजोबांनाही ठाऊक आहे. मग ते गठ्ठे का उलटतात? मोठी माणसं काहीबाही करतच असतात, असं तिला वाटत असावं. मी आपला करकर वाजून बघितलं. मास्तर म्हणाले, "सुताराला बोलवायला हवं."

संध्याकाळी सूनबाईंना कात्री माझ्यात सापडायची. "बाबा, ही बघा डाव्या खणात. तुम्हीच ठेवली असणार."

"मी? मला तर आठवत नाही."

पहिल्यांदा सगळे हसले. पुन्हा पुन्हा तसंच व्हायला लागलं तेव्हा हसणं थांबलं. ते 'आठवत नाही' मास्तरांच्या मनात घर करून बसलं. घेतलेलं माप ते पुन्हा घ्यायला लागले. बरोबर बसलेली कॉलर उसवून परत शिवायला लागले. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, वय झालं की होतं असं. आता आराम करा."

"हात चालतायत रे," मास्तर म्हणाले. "डोक्याचाच भरवसा उरला नाही. उद्या कुणाचं कापड भलतीकडेच कापलं तर?"

दुकान बंद करायचं ठरलं. मशीन जाणार, टेबल जाणार, त्याबरोबर आम्ही दोघं भाऊही. आमचं सोडा, पण दुकान म्हणजे मास्तरांचा जीव होता. ते जेवायचेही कमी. मला फार वाईट वाटत होतं. सगळं माझ्या पोटात, पण बोलायची सोय नाही.

जुनं सामान विकत घेणारा सामानवाला आला त्या दिवशी टिकलीने पाचवं वर्ष गाठत आणलं होतं. ती आत झोपली होती. सूनबाईंनी आम्हाला रिकामं केलं आणि बाहुली वरच्या फळीवर ठेवली. थोड्या वेळाने टिकली डोळे चोळत आली आणि तिने थेट माझ्यात हात घातला. काहीच नाही. पुन्हा घातला. ओठ काढून रडायच्या बेतात आली.

"अगं, फळीवर ठेवलीय," आई हसून म्हणाली. "समोर तर दिसतेय."

"मला कसं कळणार?" टिकली चिडून म्हणाली. "मी झोपले होते ना."

म्हणाली आणि तिथेच थबकली. माझ्याकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं. मग बाकाकडे वळली. मास्तर तिथे कात्री फडक्यात गुंडाळत बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण झोपला होतात."

"कधी गं?"

"मी कात्री बाहुलीजवळ ठेवायचे तेव्हा. तुम्हाला माहीतच नव्हतं?"

मास्तरांचा हात थांबला. "आणि चष्मा?"

"चष्मा पण. त्याला एकट्याला भीती वाटायची."

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. मुलगा उगाचच छताकडे बघायला लागला. मास्तर मात्र हसत सुटले, इतके की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हणजे मी विसरत नव्हतो," ते म्हणाले. मग नातीला मांडीवर घेऊन तेच पुन्हा म्हणाले. सामानवाल्याला म्हणाले, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. चहा घेऊन जा. मशीन काही देत नाही आम्ही."

दुकान पुन्हा सुरू झालं. टिकलीला मात्र नवीच विद्या सापडली होती. आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं, हे एकदा कळलं की गप्प कोण बसतंय? एकदा तिने मास्तरांचा खडू माझ्यात लपवला आणि पडद्याआड उभी राहिली. मास्तरांनी ते समोरच्या आरशात पाहिलं होतं. तरी त्यांनी आधी उजवा खण उघडला, पुरता धुंडाळला आणि मोठ्याने म्हणाले, "गेला कुठे बुवा खडू?" पडदा हसून हसून हलत होता. तो थांबेपर्यंत मास्तर उजव्या खणातच शोधत राहिले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भलत्याच खणात काही शोधत असेल, तर त्याला विसरभोळा म्हणायची घाई करू नका. वस्तू हलली तेव्हा तो माणूस जागा होता का, तेवढं आधी बघा. आणि हलवणारे तुम्हीच असाल, तर खुशाल उठवून सांगा. झोपमोड केली म्हणून आजोबा रागावत नाहीत. आमचे तर मुळीच नाहीत.