लिंबाची पुसलेली पानं

परसातलं लिंबाचं झाड शिंपीणबाईंनी फुलपाखरांच्या नावावर करून टाकलं होतं. त्याला औषध मारायचं नाही, कुरतडलेलं पान तोडायचं नाही, हा त्यांचा नेम. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. यंदा मात्र पानांवर चांगल्या सात अळ्या आल्या होत्या.

त्या दिवशी दुकानातून परतल्या, तर झाड आरशासारखं लखलखीत. खाली सासूबाई ओलं फडकं पिळत उभ्या.

"पाखरांनी केवढी घाण केली होती गं! एकेक पान पुसलं."

शिंपीणबाई झाडाकडे धावल्या. "आई, ती घाण नव्हती, अळ्या होत्या. लहान असताना त्या पाखरांच्या विष्ठेसारख्याच दिसतात, म्हणून तर पाखरं खात नाहीत."

"अगंबाई! म्हणजे पाखरांसारखी मीही फसले." सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. "आता गं?"

"आता शोधायचं."

सुईत दोरा ओवायचा चष्मा डोळ्यांवर चढवून शिंपीणबाईंनी खालची फांदी धरली. पान न् पान उलटलं, फडकं झटकलं तिथलं गवतही बोटांनी विंचरलं. दिवेलागणीच्या आत शेंड्याजवळ, सासूबाईंचा हात न पोचलेल्या पानावर, एक अळी सापडली.

"एकच?" सासूबाई पुटपुटल्या.

"एक पुरे. नेम चालू."

सकाळी सासूबाई झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचा लेक पाण्याची नळी घेऊन आला, तशा कडाडल्या, "लांबूनच रे! शेंड्यावर थेंब उडाला, तर आज जेवायला वाढणार नाही."