आईच्या नावाचा रकाना

तुम्ही माझ्या आईच्या पदरात तिचा मेलेला मुलगा टाकलात आणि परत काढून घेतलात. हे बंदूकवाल्यांनी केलं नाही. ते कधीच गेले. हे तुमच्या कचेरीत, पंख्याखाली बसून झालं.

लुकमान माझा धाकटा भाऊ. काळे झेंडेवाले मोसुलमध्ये होते तेव्हा त्याला दारातूनच उचलून नेलं. पुढे शहर सुटलं, त्यांनी माणसं पुरलेले खड्डे उकरले गेले, आईने रक्ताचा नमुना दिला. कुणाची हाडं कुणाच्या रक्ताशी जुळली, त्याच्या याद्या तुम्ही कचेरीच्या भिंतीवर लावू लागलात आणि आम्ही त्या भिंतीसमोर उभं राहू लागलो.

एका सकाळी तिथे छापलेलं होतं, लुकमान युनूस धन्नून. मुलगा, बाप, आजा. मी बोट ठेवून वाचलं.

आई म्हणाली, "परत वाच."

परत वाचलं. ती रडली नाही. म्हणाली, "चल, कॉफी आणायला हवी. घरात दाणा नाही."

आमच्यात बातमी कळली की दुखवट्याचा मंडप पडतो. हाडं हातात यायची वाट कोण बघतो? गल्लीत पुरुष बसले, घरात बायका, कडू कॉफी फिरली. शाकिरमामा आईला म्हणाला, "बद्रिया, सुटलीस. आता निदान जायला एक कबर झाली." शेजारणीने खिमा भरलेला कुब्बा आणला होता. आईने दोन खाल्ले. ती पोटभर जेवलेली मी कितीतरी वर्षांनी बघितली.

मग हाडं घ्यायला गेलो. खिडकीत सरमद नावाचा कारकून होता.

"खाला, आईचं नाव सांगा."

"माझ्या आईचं?"

"नाही, मयताच्या आईचं."

"मीच की ती. बद्रिया."

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर नाव पुन्हा तपासलं. "इथे सबीहा आहे, खाला. हा दुसरा लुकमान."

युनूस आणि धन्नून आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. म्हणून तर रेशनचं पीठ देतानाही आईचं नाव विचारतात. मी म्हटलं, "भिंतीवर आईचं नाव का नव्हतं?"

"ताई, शीट प्रचंड मोठी आहे. सरळ छापायला दिली की प्रिंटर विचार करत बसतो. तेवढ्यात वीज जाते, की परत पहिल्यापासून. म्हणून आधी पीडीएफ करतो. मग भराभर निघतं."

"मग?"

"पीडीएफ केली की आईच्या नावाचा शेवटचा रकाना वेगळ्या पानावर जायचा. कागद दुप्पट लागायचा. वरून सांगितलं, तो रकाना सोडून दे. पाहणीला बडे पाहुणे यायच्या आत भिंत भरायची होती."

"अक्षर बारीक करायचं होतंस."

"केलं होतं. बारीक अक्षर फोटोत येत नाही म्हणाले."

मागच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली, "सरमद, चहा पितोस की त्याचंही पीडीएफ करू?" दोघंतिघं हसले. सरमद हसला नाही, पण उठलाही नाही.

आईने खिडकीच्या कडेला हात टेकवला होता. "त्या सबीहाला कळलंय का?"

"अजून आल्या नाहीत त्या."

"फोन कर तिला. बसली असेल वाट बघत."

घरी बायका अजून येत होत्या. आई दारातूनच म्हणाली, "उठा बायांनो. आपला नाही तो." कुणीतरी विचारलं, आता हे काळे कपडे? आई म्हणाली, "असू देत." उरलेली कॉफी मी मोरीत ओतली. मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

आई आता नमाजानंतर हात पसरते आणि तशीच थांबते. मला विचारते, "काय मागू गं?" मेलेल्यासाठी मागायचं ते वेगळं, हरवलेल्यासाठी मागायचं ते वेगळं.

काल तुमच्या भिंतीवर नवी यादी लागली. तो रकाना तिच्यातही नाही. सरमदला विचारलं तर तो म्हणतो, वरून.

वरून म्हणजे कोण? त्याचं नाव मला लेखी हवं. आणि माझ्या आईने लुकमानसाठी आता काय मागायचं, तेही त्यानेच लिहून द्यावं. मी खिडकीपाशी उभी आहे. उत्तर द्या.