तीन फोनांचा एक सूर

सदफ तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा उत्तर द्यायचं सोडून तिनंच सरांना विचारलं होतं.

"सर, ए.एम. रेडिओत निरोपाच्या तालावर कॅरिअरची, म्हंजे निरोप वाहून नेणारी, लाट फुगते, आकसते. वेळेच्या आलेखात तसं दिसतंय. मग फ्रीक्वेन्सीच्या आलेखात कॅरिअरची रेघ कमी-जास्त का होत न्हाई? बाजूला नुसत्या दोन बारक्या रेघा उगवतात. खरं कोणतं?"

"पाठ कर," मृत्युंजय सर म्हणाले. नांदेडच्या त्या कॉलेजात पोत्यानं फी घेऊन हेच शिकवायचे.

आज तिसरी खेप. आता अडकली तर वर्ष गेलं. आणि लातूरहून आलेल्या परीक्षकांनी, संगप्पा सरांनी, नेमका तोच प्रश्न तिला केला. "घोकलेलं नको. पटवून दे."

दाराशी जमा केलेल्या फोनांच्या टोपलीतून सदफनं तीन फोन मागितले. एक तिचा, एक मैत्रीण अंजूचा, तिसरा मृत्युंजय सरांचा. तिन्हींवर सूर काढायच्या ॲपनं एकेक सूर लावला. सरांचा मधे, मोठ्यानं, चारशे चाळीस हर्ट्झवर. बाजूचे दोघे हळू आवाजात, पहिला दोन हर्ट्झनं खाली, दुसरा दोन हर्ट्झनं वर.

नुसती भुणभुण झाली.

"बँड लावला का गं?" मृत्युंजय सर हसले.

तिचे कान तापले. होस्टेलवर तर जमलं होतं! तिघांची सुरुवात जुळायला पाहिजे. तिनं मधला बंद करून पुन्हा लावला. न्हाई. पुन्हा लावला.

ओंऽऽ... ओंऽऽ... सूर फुगायला, ओसरायला लागला.

"सर, आवाज कमी-जास्त कोण करून राहिलंय?"

संगप्पा सरांनी एकेका फोनला कान लावला. "एकबी न्हाई की!"

"हाव. तिघंबी सरळच वाजतेत. मिळून कधी जोर लावतेत, कधी एकमेकाला खातेत. कानाला येतंय ते वेळेचं चित्र. टेबलावरचे तीन फोन म्हंजे तीन रेघा. लाट एकच, बघायच्या तऱ्हा दोन."

मग तिनं बाजूचे दोघे बंद केले. सूर सपाट झाला. "निरोप त्या बारक्यांत हाय, सर. मधला लई ओरडतो, सांगत काहीच न्हाई."

"मधला फोन कुणाचा?"

"माझा," मृत्युंजय सर पुटपुटले.

संगप्पा सर खोकला येईस्तोवर हसले. "पास. जा बाई."

दाराशी मृत्युंजय सरांनी तिला गाठलं. फोन अजून हातातच होता. "ते दोन आकडे सांग गं. उद्या वर्गात लावून दाखवतो."

"सांगते की," सदफ म्हणाली. "पण पोरांनी विचारलं तर पाठ कर म्हणायचं न्हाई."