पारोशी तंगडी

"लिंबं फार लागतात म्हणून कुरकुरतात मेले. पण का लागतात, ते..." शाळेचा स्वयंपाक करणारी मा तितीन एवढं पुटपुटली आणि पुढचं तिने गिळून टाकलं. दारात उभ्या असलेल्या युडोराला मोरीवर वाकलेली तिची पाठ तेवढी दिसत होती.

युडोरा लारोंद राजधानीतून आली होती, शाळेच्या जेवणातलं मांस तपासायला. तिचं कामच ते. परदेशातून गोठून आलेल्या कोंबडीच्या तंगड्या मोर्न क्लेर गावच्या शाळेत वर्षभर शिजत होत्या, आणि जेवून उठलेली पोरं हात वाळायच्या आत पुन्हा भुकेली होत होती. ह्या मांसात दम नाही, असं युडोराने दोनदा लिहून दिलं. दोन्ही वेळा प्रयोगशाळेने सांगितलं, मांस उत्तम आहे. दुसऱ्या खेपेला तर कचेरीतले लोक तिला बघून कोंबड्यासारखे आरवले. आज पुढच्या वर्षाचा करार व्हायचा होता. आजही तेच झालं, तर पोरांच्या ताटात आणखी वर्षभर हीच कोंबडी.

"मा तितीन, नमुना तयार आहे?"

"हा काय, करतेच आहे, पोरी." म्हातारीने लिंबाच्या फोडीने तंगडी खसाखसा घासली, मीठ चोळलं, दोन्ही हातांनी पिळली, पुन्हा धुतली आणि नीट डब्यात निजवली.

युडोरा बघतच राहिली. "हा नमुना? प्रयोगशाळेचा?"

"मग कोणाचा!"

"आणि मागचे दोन?"

"तेही मीच धुतले. व्हिनेगरात बुडवून ठेवले होते चांगले. सरकारी माणसांकडे पारोशी कोंबडी धाडू? माझ्या आईने थडग्यातून उठून कान उपटला असता."

युडोराला हसू आवरेना. ह्या बेटावर वाढलेल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. विचार न करता तिनेही केलं असतं. पाणी पिळून गेलं, उरलंसुरलं लिंबाने धुऊन नेलं, आणि जे घट्ट मांस उरलं त्याचे गोडवे प्रयोगशाळा बिचारी गात बसली!

तिने खोकं उघडून एक गोठलेली तंगडी स्वतःच्या बर्फाच्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. "ही पारोशीच जाणार."

"शी! लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणावं म्हणूनच."

मग तिने दुसरी एक तंगडी चाळणीत ठेवली, खाली वाडगा. शेजारी गावच्या कोंबडीची तंगडी, तोलून तेवढ्याच वजनाची, तशीच चाळणीत. ऊन पायरीवर आलं तोवर गावच्या तंगडीखालच्या वाडग्याचा तळ जेमतेम ओला झाला होता आणि परदेशी तंगडीखालचा काठाशी आला होता. परदेशी मांसावर पांढरे चट्टे, चरबी पिवळी पडलेली. युडोराच्या छातीत कार्निव्हलचा ढोल वाजू लागला.

"आता दोन्ही नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवायच्या."

"थाइम नको? कांदा नको? मिरचीसुद्धा नको? बाई, माझ्या चुलीवर हे पाप नको."

"पाप माझ्या नावावर लाव."

जेवणाच्या टेबलाशी हेडबाई मिसेस प्रॉस्पेर बसल्या आणि माल पुरवणारा ऑनोरे बसला. खरी अडचण ऑनोरेच होता. गावचाच पोरगा, चर्चचं छप्पर त्याने घातलेलं, कोणाच्याही मयताला पहिला हजर. बाप्तिस्म्याला त्याला हातांवर धरणारी धर्मआई म्हणजे हीच मा तितीन. त्याच्या कोंबडीला नावं कोण ठेवणार?

परदेशी तंगडी आकसून हाडाला बिलगली होती. हेडबाईंनी कपचा तोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"रंग छान आहे," त्या म्हणाल्या.

"पाणी काय, गोठवलेल्या मांसात थोडं असायचंच," ऑनोरे म्हणाला. घास त्याच्याही गालातच होता.

"थोडं असतंच." युडोराने भरलेला वाडगा त्याच्यासमोर सरकवला. "पण इतकं असलं की त्याला कोंबडी नाही, बादली म्हणतात. पोराचं अंग मांसाने भरतं, ऑनोरे. आपण पाणी मांसाच्या भावाने घेतो आणि मोरीत ओततो. उरतं ते पोराला."

हेडबाईंनी गावच्या तंगडीचा तुकडा घेतला, मग न विचारता दुसरा घेतला. सही न होताच करार घडी घालून त्यांच्या पर्समध्ये गेला आणि पर्सचा चाप खट्कन लागला. कचेरीतल्या आरवणाऱ्यांना तो आवाज ऐकवावा, असं युडोराला वाटून गेलं. ती जिंकली होती.

तरी कोणी उठेना. शिजलेल्या मांसाची वाफ टेबलावर होती, आणि तिघंही खिडकीबाहेर बघत होती.

मा तितीनने एप्रनला हात पुसले. ऑनोरेच्या मागे जाऊन उभी राहिली आणि लहानपणी ठेवायची तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"वास येतो रे, बाळा," ती म्हणाली. "पहिल्या खोक्यापासून येतो."